टाइमशेअरचा वीक भाड्याने देताय? आधी बुकिंग, मग भाव, मग जाहिरात

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधलं युनिट, म्हणजे फ्लॅट, साधारण वर्षातून एक आठवडा वापरायचा विकत घेतलेला हक्क, आणि त्या आठवड्यालाच वीक म्हणतात. तो भाड्याने देताना दरवर्षी तोच घोळ होतो. मेन्टेनन्स फीचं, म्हणजे देखभालीच्या वार्षिक वर्गणीचं बिल येतं, यंदा आपल्याला जायला जमणार नाही हे लक्षात येतं आणि माणूस त्याच रात्री बसून जाहिरात टाकून मोकळा होतो. भाव काय लावला, तर फी निघेल एवढा. तारीख काय, तर "फ्लेक्सिबल". फोटो रिसॉर्टच्या ब्रोशरमधला. मग दोन महिने कुणी ढुंकून बघत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात जो उत्साहाने मेसेज करतो तो नेमका फसवणारा निघतो. यातल्या बहुतेक चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात, म्हणजे आधी कळस मग पाया. खाली जो क्रम दिलाय तो तसाच ठेवा, मधली पायरी गाळू नका.

## पायरी १ – हातात नेमकं काय आहे ते बघा

टाइमशेअर म्हणजे सगळ्यांचं एकसारखं नसतं. फिक्स्ड वीक असेल तर दरवर्षी ठरलेला आठवडा, बऱ्याचदा ठरलेलं युनिटसुद्धा. फ्लोटिंग असेल तर एका सीझनमधला कुठलातरी आठवडा, पण तो तुम्हाला स्वतः बुक करायला लागतो. पॉइंट्स असतील तर पॉइंट्स हे चलन, त्यातून बुकिंग काढल्याशिवाय भाड्याने द्यायला तुमच्याकडे काहीच नाही. आणि चौथा प्रकार म्हणजे एक्स्चेंजमधून, आपला वीक देऊन त्याच्या बदल्यात मिळालेला वीक, तिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात.

आरसीआय किंवा इंटरव्हल इंटरनॅशनल या वीक बदलून देणाऱ्या कंपन्यांमधून घेतलेला आठवडा भाड्याने देता येत नाही. गेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पाहुण्याच्या नावाचा कागद काढून मित्राला, भावाला पाठवता येतं, पण त्याचे पैसे घेऊन जाहिरात करणं दोन्हीकडे नियमाविरुद्ध आहे. पकडलं गेलं तर बुकिंग रद्द होऊ शकतं, मेंबरशिपवर गदा येऊ शकते, आणि गिऱ्हाईक तिकडे बॅगा घेऊन उभं असतं ते वेगळंच. स्वतःच्या मालकीचा वीक आणि बदलून आणलेला वीक यात "काय फरक पडतो" असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

मग आपल्या रिसॉर्टचे किंवा क्लबचे नियम काढून वाचा. अधूनमधून भाड्याने द्यायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, धंदा म्हणून डझनावारी बुकिंगं काढली की मात्र ते आडवे येतात.

तपासा: या वर्षाची फी भरली आहे का? थकबाकी असेल तर बऱ्याच ठिकाणी पाहुण्याला चावीच देत नाहीत. वीक दोघांच्या नावावर असेल तर दुसऱ्या मालकालाही विचारून घ्या, नवराबायकोतसुद्धा.

## पायरी २ – तारखा पक्क्या करा, कन्फर्मेशन हातात घ्या

"तुम्हाला कधी हवंय ते सांगा, मी बुक करून देतो" अशी जाहिरात चालत नाही असं नाही, पण नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. गिऱ्हाईक तारीख सांगतं, तुम्ही बघायला जाता तर ती गेलेली असते, मग दुसरी तारीख, मग विमानाचं तिकीट महाग झालं, मग ते गायब. त्यापेक्षा बुकिंगची खिडकी उघडेल त्या दिवशी सकाळीच मागणी असलेला आठवडा पकडा आणि मग विकायला काढा. फ्लोटिंगवाल्यांचं आणि पॉइंट्सवाल्यांचं अर्धं उत्पन्न इथेच ठरतं, कारण शाळांच्या सुट्ट्यांचा आठवडा आणि त्याच्या पुढचा आठवडा यांची फी तीच असते, भाडं मात्र अजिबात तेच नसतं.

फिक्स्ड वीकवाल्यांनी इथे जरा थांबून कॅलेंडर उघडा. वीकचा नंबर तोच राहिला तरी तारखा दरवर्षी सरकतात. शनिवार चेक-इन असेल तर सहसा जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी वीक १ सुरू होतो. त्या हिशोबाने २०२६ चा वीक ५२ येतो २६ डिसेंबर ते २ जानेवारी, म्हणजे नवीन वर्ष आत आणि ख्रिसमस बाहेर. २०२७ मध्ये तोच वीक २५ डिसेंबर ते १ जानेवारी. आणि २०२८ मध्ये २३ ते ३० डिसेंबर, म्हणजे ख्रिसमस आत आणि ३१ ची रात्र बाहेर, कारण त्या वर्षी शनिवारच ५३ आहेत आणि नवीन वर्ष वीक ५३ मध्ये जातं. शुक्रवार किंवा रविवार चेक-इन असेल तर परत वेगळं. ईस्टरचं तर विचारूच नका, २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये थेट १६ एप्रिल.

मी स्वतः एकदा वीक ५२ च्या जाहिरातीत बिनधास्त "ख्रिसमस वीक" लिहून टाकलं होतं. भाव चढा, चौकशी भरपूर, एकाने ॲडव्हान्ससुद्धा पाठवला. त्याच्या बायकोने विचारलं की चोवीस तारखेला किती वाजता खोली मिळेल, तेव्हा मी कॅलेंडर उघडलं. चेक-इन २६ ला होतं. पैसे परत, माफी, आणि वर चार तिखट शब्द ऐकून घेतले, चूक माझीच होती.

सावध: नंबरवरून तारीख स्वतः काढू नका, रिसॉर्टचं त्या वर्षाचं कॅलेंडर मागवा, काही ठिकाणची मोजणी वेगळी असते. जाहिरातीत वीक नंबर नंतर, तारीख आधी.

## पायरी ३ – युनिटचा कागद भरा

भाव लावायच्या आधी एका कागदावर हे सगळं लिहून काढा, नाहीतर तुलना करताना आंबा आणि चिंच एका पारड्यात जातात.

बेडरूम किती, आणि माणसं किती. टाइमशेअरमध्ये हे बऱ्याचदा दोन आकड्यात लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ६/४. पहिला आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती जण झोपू शकतात, हॉलमधला सोफाबेड धरून, दुसरा म्हणजे किती जणांना आडोसा मिळतो. सहा मोठी माणसं ६/४ मध्ये आली तर दोघं हॉलमध्ये झोपणार, हे आधी सांगितलं नाही तर भांडण ठरलेलं.

लॉक-ऑफ आहे का, म्हणजे दोन बेडरूमचं युनिट मधलं दार लावून एक मोठं आणि एक छोटं असं तोडता येतं का. येत असेल तर दोन वेगवेगळ्या भाड्यांची बेरीज पूर्ण युनिटच्या भाड्यापेक्षा जास्त होते का ते बघा, कधीकधी होते, पण मग गिऱ्हाईकं दोन, करार दोन, डोक्याला ताप दोन आणि काही ठिकाणी तोडण्याची फी वेगळी.

व्ह्यू काय आहे ते कन्फर्मेशनवर जे छापलंय तेच लिहा. ओशनफ्रंट म्हणजे समोर समुद्र. ओशन व्ह्यू म्हणजे समुद्र दिसतो, कदाचित बाल्कनीतून मान वाकडी करून. या एका शब्दात भाड्याचा बराच फरक आहे, म्हणूनच लोकांना तो शब्द वाढवून लिहायचा मोह होतो.

शिवाय वॉशर-ड्रायर युनिटमध्ये की तळमजल्यावर, पार्किंगचे पैसे, रिसॉर्ट फी (सोयीसुविधांचे वेगळे पैसे) मालकाच्या पाहुण्याला लागते की नाही, चेक-इनला कार्डवर किती डिपॉझिट अडकवतात, पाहुण्याचं कमीत कमी वय किती. वयाचं विसरू नका, काही रिसॉर्टमध्ये ते २१ असतं, काही ठिकाणी २५.

तपासा: यातलं एकही उत्तर अंदाजाने भरलंय का? रिसॉर्टला एक फोन करा, दहा मिनिटांचं काम आहे.

## पायरी ४ – भाव

आता मुख्य गोष्ट. तुमची मेन्टेनन्स फी किती आहे याच्याशी गिऱ्हाईकाला काहीही देणंघेणं नाही. फी भरून झालेली आहे, ती गेली. वीक रिकामा गेला तरी ती परत येत नाही. त्यामुळे "फी निघाली पाहिजे" हा भाव नाही, ती इच्छा आहे.

भाव तीन आकड्यांवरून निघतो.

पहिला, वरची मर्यादा. रिसॉर्टच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा हॉटेल बुकिंगच्या साइटवर त्याच तारखा, तेच युनिट टाकून शेवटच्या पेमेंटच्या पानापर्यंत जा, टॅक्स आणि रिसॉर्ट फी धरून जो एकूण आकडा येतो तो घ्या. पहिल्या पानावरचा रात्रीचा दर घेऊ नका, तो फसवा असतो.

दुसरा, शेजाऱ्यांचे भाव. रेडवीक या टाइमशेअरच्या जाहिरातींच्या साइटवर, टाइमशेअर युजर्स ग्रुपच्या म्हणजे टगच्या मार्केटप्लेसवर त्याच रिसॉर्टच्या त्याच सीझनच्या जाहिराती बघा. पण लक्षात ठेवा, तिथे दिसतोय तो मागितलेला भाव, मिळालेला नाही. ज्या जाहिराती तीन-चार महिने तशाच लटकल्यात त्यांचा भाव हा कुठल्या भावाला जात नाही याचा पुरावा आहे. दोन-तीन आठवडे रोज एकदा नजर टाका, कुठली जाहिरात गायब झाली ते टिपून ठेवा, तोच खरा बाजारभाव समजा.

तिसरा, खालची मर्यादा. यात फक्त भाड्याने दिल्यामुळे होणारा खर्च येतो, म्हणजे जाहिरातीचे पैसे, गेस्टच्या नावाची फी, पेमेंटचं कमिशन, आणि भाड्याने न देता तो वीक एक्स्चेंजमध्ये टाकला असता तर तुम्हाला त्याचा जो उपयोग झाला असता तो. याच्या खाली जायचं नाही.

उदाहरण घेऊ, आकडे नुसते समजण्यापुरते. फी १,२०० डॉलर. रिसॉर्टच्या साइटवर सात रात्रींचे सगळं धरून २,१५०. बाकीचे मालक मागतायत १,६००, १,४५० आणि १,३००, शिवाय एक महाशय २,४०० ला गेल्या उन्हाळ्यापासून बसलेत. तिथे मी १,३५० लावेन. जाहिरात ५०, गेस्ट फी ५०, पेमेंट कमिशन ४५, म्हणजे हातात १,२०५. फी निघाली, पण ती फीकडे बघून नाही निघाली, आठवडा चांगला होता म्हणून निघाली.

आता तेच युनिट पडत्या सीझनमध्ये. साइटवर ९००, बाकीचे मालक ६०० च्या आसपास. तुमची फी अजूनही १,२०० च. इथे १,२०० मागणारा माणूस रिसॉर्टपेक्षाही महाग विकायला बसलाय, आणि असे किती तरी बसलेले असतात. ५५० ला गेला आणि खर्च जाऊन ४२० आले तर ७८० चं नुकसान झालं असं वाटतं, पण रिकामा गेला असता तर १,२०० चं झालं असतं.

रिसॉर्टच्या दरापेक्षा किती कमी ठेवायचं? माझ्या मते निदान पाव तरी कमी पाहिजेच, पडत्या काळात निम्म्यापर्यंत. कारण रिसॉर्टकडून घेतलं तर गिऱ्हाईकाला कॅन्सल करता येतं, तारीख बदलता येते, पॉइंट्स मिळतात, पूर्ण अनोळखी माणसावर विश्वास ठेवायला लागत नाही. या सगळ्याची भरपाई तुम्ही भावातच करायची असते.

भाव उतरवायचं वेळापत्रक जाहिरात टाकायच्या दिवशीच लिहून ठेवा, नंतर मन होत नाही. मी साधारण असं करतो: चेक-इनला सहा महिने असताना पहिला भाव, चार महिन्यांवर एक टप्पा खाली, तीन महिन्यांवर अजून एक, आणि ७०-७५ दिवसांवर शेवटचा निर्णय. शेवटचा निर्णय तेव्हाच का, तर इंटरव्हलमध्ये चेक-इनला ६० दिवसांहून कमी उरले असताना टाकलेल्या वीकवर फक्त शेवटच्या क्षणाच्या बदल्या मिळतात, आणि आरसीआयमध्ये पूर्ण ट्रेडिंग पॉवर, म्हणजे बदल्यात चांगला वीक मिळवायची ताकद हवी तर नऊ महिने आधीच वीक त्यांच्याकडे जमा करायला लागतो, पुढे ती घटत जाते. म्हणजे भाडं आणि एक्स्चेंज दोन्ही दगडांवर पाय ठेवून शेवटपर्यंत थांबलात तर दोन्ही जातात.

सावध: जाहिरात चालू असताना तोच वीक एक्स्चेंजमध्ये टाकू नका. टाकलात तर जाहिरात त्याच मिनिटाला काढा.

## पायरी ५ – जाहिरात लिहा

मथळ्यात रिसॉर्टचं नाव, तारखा, बेडरूम, व्ह्यू, एकूण भाडं. झालं. "स्वर्गासारखं ठिकाण" वगैरे नको, वाचणारा आधीच तिथे जायचं ठरवून शोधत असतो. भाव नक्की लिहा, "किंमतीसाठी मेसेज करा" म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. सात रात्रींचं एकूण लिहा आणि रात्रीचा हिशोबही द्या, कारण लोक हॉटेलशी तुलना रात्रीवरच करतात.

आत पायरी तीनचा कागद उतरवा, जे पैसे पाहुण्याला तिथे भरावे लागतील तेही. रद्द केलं तर काय, हे एका वाक्यात. फोटो स्वतः काढलेले असतील तर खिडकीतून दिसणारा एक, स्वयंपाकघराचा एक, बाथरूमचा एक, एवढे पुरे.

रेडवीक आणि टग दोन्हीकडे टाका, फेसबुकवर मालकांचे ग्रुप असतात तिथेही टाका. एअरबीएनबीसारख्या साइटवर टाकायचं असेल तर रिसॉर्टची परवानगी आणि साइटचं कमिशन दोन्ही आधी बघा. हवाईमधला वीक असेल तर जनरल एक्साइज टॅक्स आणि ट्रान्झिएंट अकोमोडेशन्स टॅक्स हे टॅक्स लागू होतात आणि नोंदणीचा नंबर जाहिरातीत दाखवायला लागतो, तेव्हा ते काम जाहिरातीच्या आधी.

सावध: कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट टाकताना बुकिंग नंबर, मेंबर नंबर, पत्ता झाकून टाका. नंबर आणि नाव हातात आलं की कुणीही फोन करून तुमच्या नावाने बोलू शकतो.

## पायरी ६ – चौकशी आली की आधी माणूस ओळखा

जाहिरात लागली की पहिले दोन-चार फोन बहुतेक वेळा गिऱ्हाईकाचे नसतात. "आमच्याकडे तुमच्या वीकसाठी कंपनीचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त प्रोसेसिंग फी भरा" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. आधी पैसे मागणारा टाइमशेअरवाला हा फसवणुकीचा इतका जुना प्रकार आहे की अमेरिकेची फेडरल ट्रेड कमिशन त्याबद्दल वर्षानुवर्षं इशारे देतेय.

दुसरा प्रकार जास्त पैशांचा चेक. भाडं १,३५०, चेक येतो २,८५० चा, "चुकून जास्त गेले, उरलेले माझ्या ट्रॅव्हल एजंटला पाठवा". बँक पैसे खात्यात दाखवते म्हणून लोक पाठवतात, आणि काही आठवड्यांनी चेक खोटा निघाला की पूर्ण रक्कम तुमच्या खात्यातून वजा होते. कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक असला तरी हेच होतं.

खरा माणूस ओळखायचा कसा? तो प्रश्न विचारतो. पार्किंग किती, क्रिब म्हणजे बाळाचा पाळणा मिळेल का, उशिरा पोचलो तर चालेल का. फसवणारा युनिटबद्दल काहीच विचारत नाही, त्याला फक्त पैसे कसे द्यायचे यात रस. एकदा फोनवर किंवा व्हिडिओवर बोलून घ्या, दोघांचीही खात्री होते. त्यालाही तुमची शंका येणारच, त्यात अपमान नाही.

## पायरी ७ – करार आणि पैसे

एक पानाचा करार पुरतो, पण हवाच. दोघांची पूर्ण नावं, रिसॉर्ट, तारखा, युनिटचा प्रकार, माणसांची मर्यादा, एकूण रक्कम, हप्ते कधी, रद्द केल्यास परतावा किती, रिसॉर्ट बंद पडलं किंवा वादळ आलं तर काय, नुकसान कुणी भरायचं. शेवटचं महत्त्वाचं, कारण पाहुण्याने टीव्ही फोडला आणि त्याच्या कार्डातून वसूल झालं नाही तर रिसॉर्ट तुमच्याकडे येतं. प्रवासाचा विमा त्याने काढावा असं लिहून ठेवा.

पैसे साधारण असे: करारावर सही झाली की एक भाग, चेक-इनच्या ६० दिवस आधी बाकीचे, आणि ६० दिवसांच्या आतला सौदा असेल तर पूर्ण एकदम. पेपॅलवर घेत असाल तर गुड्स अँड सर्व्हिसेस या खरेदीविक्रीच्या प्रकारानेच घ्या, फ्रेंड्स अँड फॅमिलीने, म्हणजे घरच्यांना पैसे पाठवायच्या प्रकाराने पाठवा म्हणालात तर शहाणं गिऱ्हाईक पळून जातं आणि नियमातही ते बसत नाही. कमिशन तुमच्या भावात आधीच धरलेलं आहे ना. फक्त एक लक्षात असू द्या, पेपॅलवर पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते, त्यामुळे करार, मेसेज, नाव बदलल्याचं कन्फर्मेशन हे सगळं सहा महिने तरी उडवू नका. टॅक्स भरताना परत लागतंच.

तपासा: पैसे "पेंडिंग" आहेत की खरंच जमा झालेत? ईमेलवर विश्वास ठेवू नका, स्वतः खात्यात लॉगिन करून बघा, खोटे पेमेंट ईमेल सर्रास येतात.

## पायरी ८ – पाहुण्याचं नाव लावा, मग परत तपासा

पहिला हप्ता आला की रिसॉर्टला सांगून बुकिंगवर पाहुण्याचं नाव चढवा, गेस्ट फी असेल तर भरा. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, "बॉब" असं टोपणनाव नको, पूर्ण नाव हवं. आणि जो सगळ्यात आधी पोचणार त्याचंच नाव द्या, बायको-मुलं दुपारी आणि नवरा रात्रीच्या विमानाने असं असेल तर नवऱ्याचं नाव असून उपयोग नाही. नवीन कन्फर्मेशन आलं की ते पाहुण्याला पाठवा आणि रिसॉर्टचा फोन नंबर द्या, त्याने स्वतः फोन करून खात्री करू दे.

काही मालक बाकीचे पैसे येईपर्यंत नाव चढवत नाहीत. समजण्यासारखं आहे, पण गिऱ्हाईकाच्या बाजूने बघा, अर्धे पैसे देऊन त्याच्या हातात काहीच नाही. मी पहिल्या हप्त्यावरच चढवतो आणि करारात लिहितो की उरलेले वेळेत आले नाहीत तर नाव काढलं जाईल. आजवर काढायची वेळ आली नाही.

चेक-इनच्या आठवडाभर आधी रिसॉर्टला अजून एक फोन: नाव दिसतंय ना, युनिटचा प्रकार तोच आहे ना, पूल किंवा लिफ्टचं काम चालू आहे का. काम चालू असेल तर पाहुण्याला आजच सांगा, तिथे पोचल्यावर कळलं तर पैसे परत मागणार आणि त्याचं बरोबरही असेल.

चेक-इनच्या दिवशी फोन सायलेंटवर ठेवू नका. काउंटरवर काही अडलं तर बरेच फ्रंट डेस्क फक्त मालकाशीच बोलतात, आणि ते नेमकं संध्याकाळी पाचच्या रांगेत अडतं.